पहिल्याच दिवशी सगळं सांगायचं नसतं

मी थेरपीला गेले तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. नववं वर्ष लागलं होतं तेव्हा माझ्यावर झालेल्या अत्याचाराचं ते सगळं, तीस वर्षं आतच साठलेलं. पहिल्या भेटीत, फी वसूल व्हावी म्हणून की काय, पन्नास मिनिटांत भडाभडा सांगून टाकलं. पुढच्या चार रात्री झोप नाही आणि दोन महिने तिकडे फिरकले नाही. तुम्ही असं करू नका.

आधी थेरपिस्टला फोनवरच विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का? लहानपणी अत्याचार झालेल्या मोठ्या माणसांबरोबर काम केलंय का? आणि मी सांगितलेलं कुठे जाईल? या शेवटच्याचं उत्तर नीट ऐका. आपलं बोलणं गुप्तच राहतं, पण आज एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, तर २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते कळवावं लागतं. हे आपणहून सांगणारं माणूस मला भरवशाचं वाटतं. "वडीलधारे आहेत, माफ करून टाका" म्हणणारे एक भेटले होते. पैसे दिले, उठले, परत गेले नाही.

नंतरच्या मॅडमनी तीन महिने त्या विषयाला हातच लावू दिला नाही. आधी परत यायची वाट पक्की करू, म्हणायच्या. माझी वाट आमसुलाची निघाली. जुनं अंगावर आलं की आमसूल जिभेवर ठेवायचं, तळपाय फरशीवर दाबायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची. आंबट लागलं की कळतं, आपण आत्ता, इथे आहोत. याचा सराव बरं वाटत असतानाच करा. ऐनवेळी काही सुचत नाही. रात्री आमसूलही पुरलं नाही तर १४४१६ लावायचा, टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मग तुकड्या-तुकड्यानं सांगायचं. थांबायचं असेल तर हात वर करायचा, एवढं आमचं ठरलेलं. एकदा मी अख्खा तास त्यांच्या पडद्यांच्या रंगावर बोलले. तेही चालतं.

बाहेर पडल्यावर लगेच गाडी काढू नका. मी बुधवारी सातला कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात अर्धा तास नुसती बसायची. घरी 'मानेची फिजिओ' म्हणून सांगितलं होतं. सासूबाई अजून अधूनमधून शेकायची पिशवी आणून देतात.