कोकणच्या हवेत टिकेल आणि सफारीला चालेल असा छोटा कॅमेरा निवडताना

रत्नागिरी, चिपळूण किंवा मालवणहून ताडोब्याला, पेंचला किंवा थेट आफ्रिकेत सफारीला जायचे ठरले की घरात कॅमेऱ्याची चर्चा सुरू होते आणि दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हमखास ‘झूम किती?’ हाच विचारला जातो. माझ्या मते हा प्रश्न तिसरा असावा. आपण कोणत्या उजेडात छायाचित्रे काढणार आहोत हे आधी ठरवावे आणि त्यानंतर, सफारीचे चार-सहा दिवस सोडले तर वर्षभर हा कॅमेरा कोणत्या हवेत राहणार आहे, याचा विचार करावा. जंगलात प्राणी दिसतात ते बहुधा पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे उजेड सर्वांत कमी असताना. आणि कोकणातल्या घरात कॅमेरा राहतो तो खाऱ्या, दमट हवेत. या दोन कसोट्यांना उतरेल तोच कॅमेरा आपल्या कामाचा, मग जाहिरातीत त्याचा झूम कितीही पट लिहिलेला असो.

हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव, सिंधुदुर्गाची तटबंदी, सोबतची माणसे यांच्यासाठी आजचा चांगला मोबाइल पुरेसा आहे, आणि तेवढ्यासाठी वेगळा कॅमेरा घेण्याचा आग्रह मी कोणाला करणार नाही. पन्नास मीटरवरच्या प्राण्यापुढे मात्र मोबाइल तोकडा पडतो, आणि ताडोब्यासारख्या व्याघ्र प्रकल्पात सफारीच्या गाडीत मोबाइल वापरायला मुळात परवानगीच नाही.

झूमचा हिशेब आधी करून टाकू. ‘३० एक्स’, ‘६० एक्स’ हे आकडे सर्वांत लांबच्या आणि सर्वांत रुंद फोकल लेंथचे (म्हणजे लेन्स दृश्य किती जवळ आणते ते सांगणाऱ्या मिमीमधल्या मापाचे) गुणोत्तर सांगतात, प्राणी किती मोठा दिसेल हे सांगत नाहीत. त्यासाठी पाहायची ती ३५ मिमीच्या (जुन्या फिल्मच्या ३६ मिमी रुंद चौकटीच्या) तुलनेतली फोकल लेंथ, जी प्रत्येक कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात दिलेली असते. प्राण्यापर्यंतच्या मीटरमधल्या अंतराला ३६ ने गुणून त्या फोकल लेंथने भागले की चौकटीत किती मीटर रुंदीचे दृश्य मावेल ते कळते. वाघ ४० मीटरवर आडवा उभा असेल तर २०० मिमीला चौकटीची रुंदी ७.२ मीटर येते; शेपूट वगळून सुमारे दोन मीटर लांबीचा वाघ त्यात जेमतेम पाव भाग व्यापतो. ६०० मिमीला तीच रुंदी २.४ मीटर होते आणि वाघ चौकट जवळजवळ भरून टाकतो. ३००० मिमीला ती अवघी ४८ सेंटिमीटर उरते, म्हणजे फक्त चेहरा. फणसाडच्या अभयारण्यात वीस मीटरवरच्या फांदीवर बसलेल्या शेकरूला ६०० मिमीला १.२ मीटरची चौकट मिळते आणि शेपटीसकट सुमारे एक मीटर लांबीचे शेकरू तिच्यात छान बसते. खाडीकाठच्या खंड्यासाठी मात्र तेच ६०० मिमी कमी वाटू लागतात, कारण पंधरा मीटरवर चौकट ९० सेंटिमीटरची आणि पक्षी जेमतेम २८ सेंटिमीटरचा. यावरून एक ठोकताळा बांधता येतो: मोठे प्राणी आणि प्रवास हे मुख्य काम असेल तर ३०० ते ४०० मिमीवर भागते, प्राणी आणि पक्षी दोन्ही हवे असतील तर ६०० मिमी गाठावेत, आणि त्यापुढचे आकडे निव्वळ पक्षीवेड्यांसाठी सोडून द्यावेत. समुद्रावरून किंवा तापलेल्या माळावरून दुपारी लांबचे काही टिपायला गेले की हवेतील उष्ण लहरींनी चित्र वितळल्यासारखे दिसते. तिथे दोन हजार मिमीचाही उपयोग होत नाही.

आता उजेड. बाजारातल्या बहुतेक ‘सुपरझूम’ कॅमेऱ्यांत १/२.३ इंची सेन्सर (लेन्समागचा प्रकाश टिपणारा भाग) असतो आणि त्याचे माप साधारण ६.२ गुणिले ४.६ मिमी असते. एक इंची म्हणवल्या जाणाऱ्या सेन्सरचे माप १३.२ गुणिले ८.८ मिमी आहे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे चौपट. पहाटे साडेसहाला सागाच्या रानात हा फरक डोळ्यांना ढळढळीत दिसतो: लहान सेन्सरवर वाघाचे पट्टे आणि गवत एकमेकांत मिसळून जातात. म्हणून सफारीसाठी एक इंचापेक्षा लहान सेन्सर घेऊ नये, असे मी ठामपणे सांगेन. दुसरी गोष्ट लेन्सच्या ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची; ‘एफ’पुढचा आकडा जितका मोठा तितके ते लहान. कॅमेऱ्यावर ‘एफ/२.८’ ठळक छापलेले असते ते रुंद टोकाचे, म्हणजे झूम न करतानाचे. आपण वापरणार ते लांबचे टोक, आणि तिथला आकडा बऱ्याचदा बराच मोठा असतो. लांबच्या टोकाला एफ/४ देणाऱ्या कॅमेऱ्याच्या तुलनेत एफ/६.४ देणाऱ्या कॅमेऱ्यात सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर जेमतेम ४० टक्के प्रकाश पडतो. त्यामुळे सेन्सर सारखेच असले, तरी जिथे पहिल्याचे १६०० आयएसओवर (हा प्रकाशाच्या संवेदनशीलतेचा आकडा; तो वाढवला की चित्र दाणेदार होते) भागते तिथे दुसऱ्याला ४००० पर्यंत जावे लागते. ‘आमच्यात स्टॅबिलायझेशन आहे’ हे विक्रेत्याचे उत्तर अर्धेच खरे आहे, कारण त्याने आपला हात स्थिर होतो, चालणारा प्राणी नव्हे.

ही दोन मापे हातात घेतली की यादी आपोआप आखडते. खिशात मावणाऱ्यांत सोनी आरएक्स१०० मार्क ७ हा २४ ते २०० मिमीचा आणि सुमारे ३०० ग्रॅम वजनाचा आहे. त्याचा फोकस फार वेगवान आहे, पण लांबी वाघापुरती कमी पडते. पॅनासॉनिक टीझेड२०० हा ३४० ग्रॅममध्ये ३६० मिमीपर्यंत पोचतो, मात्र वर सांगितलेला एफ/६.४ चा आकडा याच्याच लांब टोकाचा. सोनी आरएक्स१० मार्क ४ हा २४ ते ६०० मिमीचा, लांब टोकालाही एफ/४ देणारा आणि धूळ-ओलाव्यापासून संरक्षण असलेला आहे. त्याचे वजन जवळपास १,१०० ग्रॅम असल्यामुळे त्याला ‘छोटा’ म्हणणे जिवावर येते, तरी एकाच कॅमेऱ्यात गड, माणसे, वाघ आणि शेकरू उरकायचे असतील तर माझे पहिले बोट त्याच्याकडेच जाते. लेन्स बदलण्याची हौस असलेल्यांनी ओएम सिस्टीमच्या ओएम-५ चा विचार करावा. या कॅमेऱ्यातला सेन्सर १७.३ गुणिले १३ मिमीचा असतो आणि १४-१५० मिमीची संरक्षित लेन्स लावून (३५ मिमीच्या हिशेबात २८ ते ३००) सगळा संच सुमारे ७०० ग्रॅममध्ये बसतो. याच जातीच्या ७५-३०० मिमी लेन्सने ६०० मिमीची पोच मिळते, पण त्या लेन्सला पाण्या-धुळीपासून संरक्षण नाही, हे खरेदीआधी लक्षात घ्यावे. निकॉन पी१००० चे ३००० मिमी प्रसिद्ध आहेत. हिवाळ्यात भर उन्हात गुहागर-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरचे कुरव टिपायला तो मजेदार आहे, पण सेन्सर लहान, लांब टोक एफ/८ चे आणि वजन १,४०० ग्रॅमच्या वर, त्यामुळे जंगलासाठी मी तो सुचवणार नाही. यांतली काही मॉडेल जुनी असल्याने दुकानात नवी मिळतीलच असे नाही. आफ्रिकेत सफारीच्या छोट्या विमानांत बहुधा हातसामानासकट १५ किलोचीच मुभा असते; तिथे जाणाऱ्यांनी वजनाचा विचार आणखी काटेकोरपणे करावा.

कोकणातल्या माणसाने सर्वांत जास्त वेळ द्यावा असा विषय याच्यापुढे येतो, आणि तो माहितीपत्रकात जवळजवळ नसतोच. झूम करताना ज्या कॅमेऱ्याची लेन्स पुढे येते, तो प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढतो. त्या हवेबरोबर सफारीच्या रस्त्यावरची लाल धूळ येते, किनाऱ्यावर बारीक वाळू आणि मिठाचे तुषार येतात. लेन्स सुटी होत नसलेल्या कॅमेऱ्यात सेन्सरवर बसलेला कण आपल्याला पुसता येत नाही. कॅमेरा सेवा केंद्रातच उघडावा लागतो. म्हणून रबरी सांधे घालून बंद केलेल्या बांधणीसाठी जास्तीचे पैसे मोजावे लागले तरी ते वाया जात नाहीत, आणि असे कॅमेरे दुरुस्त करणारे सेवा केंद्र मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर यांपैकी कुठे आहे हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे. किनाऱ्यावरून परतल्यावर आधी रबरी फुंकणीने (दाबून हवा सोडणाऱ्या ब्लोअरने) कण उडवावेत, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने बाहेरचा भाग पुसून लगेच कोरडा करावा. लेन्सची काच आधी फुंकणी न मारता कधीही पुसू नये, कारण मिठाचे खडे आणि वाळू काचेवरच्या लेपावर ओरखडे काढतात.

त्याहून मोठा शत्रू बुरशी. हवेतील आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरू लागतात, आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता याच्या कितीतरी वर असते. कपाटात, त्यातही कातडी किंवा कापडी पिशवीत कॅमेरा ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रणच. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात ओलावा शोषणारे, रंग बदलणारे सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढी व्यवस्था पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. फार कोरडेपणाही रबराला आणि वंगणाला मानवत नाही. जेलचा रंग पालटला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. थंड वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला तर काचेवर दव धरते. त्यामुळे तो झिपच्या पिशवीत बंद करूनच बाहेर न्यावा आणि बाहेरच्या तापमानाला आल्यावर उघडावा.

काही गोष्टी थोडक्यात. किनाऱ्यावरच्या उन्हात मागचा पडदा दिसत नाही, म्हणून डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर असलाच पाहिजे. छोट्या कॅमेऱ्यांची बॅटरी साधारण २५० ते ४०० छायाचित्रांत संपते. निदान एक जादा बॅटरी घ्यावी, आणि विमानात ती हातसामानातच ठेवावी.

वापरलेला कॅमेरा घ्यायला हरकत नाही, मात्र तो किनारपट्टीवर राहिलेला असेल तर दुप्पट काळजी घ्यावी. झूम आत-बाहेर करताना कान जवळ न्यावा. करकर ऐकू आली तर आत वाळू आहे. लेन्समध्ये तिरकी विजेरी मारून तंतू किंवा धुरकट डाग दिसतात का ते पाहावे. ॲपर्चर लहानात लहान करून आणि झूम पूर्ण लांबवून पांढऱ्या भिंतीचे एक छायाचित्र काढावे. त्यात करडे ठिपके दिसले तर धूळ सेन्सरवर पोचली आहे, असे समजून तो व्यवहार सोडून द्यावा. नवा घेताना भारतातली वॉरंटी असलेले बिल मागावे.

कॅमेरा सफारीच्या निदान महिनाभर आधी घ्यावा. घराजवळच्या खाडीवर बगळे आणि घारी असतातच. त्यांच्यावर पहाटेच्या उजेडात हात बसवावा. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान, आयएसओ आपोआप पण ३२०० च्या मर्यादेत आणि सलग छायाचित्रे चालू, अशी एक मांडणी कॅमेऱ्याच्या स्वतंत्र स्मृतीत साठवून ठेवावी, म्हणजे वाघ समोर आल्यावर बटणे शोधावी लागत नाहीत. कर्दे किंवा तारकर्लीला होडीतून डॉल्फिन पाहताना झूम २०० ते ३०० मिमीवरच ठेवावा आणि शटर १/१००० करावे, कारण डोलत्या होडीत लांब झूमच्या चौकटीत डॉल्फिन सापडतच नाही. जिप्सीच्या दांडीवर टेकवायला हातभर लांबीची कापडी पिशवी शिवून न्यावी आणि मुक्कामी तिच्यात किलोभर तांदूळ भरावेत. तिपाई त्या गाडीत उभीच राहत नाही. वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना किंवा आंबोलीत रात्री बेडूक पाहताना फ्लॅश तर बंद ठेवावाच, शिवाय फोकससाठी पुढे लागणारा छोटा दिवाही मेनूमध्ये जाऊन बंद करावा. तो आपोआप पेटतो आणि बहुतेकांना तो आहे हेच ठाऊक नसते.