पंधरा-वीस वर्षांची टर्बो ऑक्टाव्हिया आणि बेळगावचा पावसाळा : मे महिन्यात उरकायची तयारी

जुनी स्पोर्ट्स गाडी म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, किती पळालीय? दीड लाख, दोन लाख किलोमीटर असा आकडा ऐकला की चेहराच बदलतो. माझं म्हणणं, मीटर बघून घाबरू नका, वय बघा आणि गाडी उभी किती राहिली ते बघा. रोज हुबळी हायवेवर नीट गरम होऊन पळालेली दोन लाखाची गाडी ही कव्हर घालून पोर्चमध्ये ठेवलेल्या साठ हजाराच्या गाडीपेक्षा बरेचदा चांगली निघते, कारण या गाड्यांचं लोखंड लवकर हरत नाही, हरतं ते रबर आणि प्लास्टिक, आणि रबर काय मीटर बघून कडक होत नाही. म्हणून खालची सगळी तयारी वयाच्या हिशोबानं आहे.

डोळ्यासमोर गाडी आहे ती स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया आरएस, २००४ पासून आपल्याकडं आलेली, औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या प्लँटमध्ये जोडलेली, १.८ लिटरचं वीस व्हॉल्व्हचं टर्बो (धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्यानं जादा हवा आत ढकलणारं) पेट्रोल इंजिन, १५० हॉर्सपॉवर, पाच गिअर मॅन्युअल. हेच इंजिन थोड्याफार फरकानं ऑडी आणि फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत बसलंय त्यामुळं पार्ट मिळत नाहीत ही भीती फार मनावर घेऊ नका, मिळतात, फक्त बेळगावात काउंटरवर उभं राहून मिळत नाहीत, पुण्याहून नाहीतर बेंगळूरहून मागवायला लागतात आणि तेवढ्यासाठीच हे काम मे महिन्यात सुरू करा म्हणूलालोय. जून लागला की सगळी गॅरेज वायपर, ब्रेक आणि पाणी गेलेल्या गाड्यांनी भरतात, मग तुमची गाडी पार्टची वाट बघत उघड्यावर बॉनेट काढून उभी.

सगळ्यात आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा. बाकी यादीला पैसे पुरले नाहीत तरी चालेल, हे एक सोडू नका. हे इंजिन असं आहे की बेल्ट तुटला तर पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हला धडकतात आणि वीस व्हॉल्व्हचं हेड उघडायला लागतं, त्या खर्चात बाकीची अख्खी यादी दोनदा होईल. आधीच्या मालकानं बदललाय म्हणून सांगितलं तर बिल मागा, बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. पाच वर्षं झाली असतील तर किलोमीटर कितीही कमी असू देत, काढा. आणि नुसता बेल्ट नाही, तो ताणून धरणारा टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंप एकदमच, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि मजुरी एकच लागते. जुन्या पंपांत आतला पंखा प्लास्टिकचा असायचा, तो कालांतरानं तडकतो किंवा दांड्यावर नुसताच फिरतो, बाहेरून एक थेंब गळत नाही आणि गाडी मात्र तापते. मागवताना धातूच्या पंख्याचा पंप मागा. पंप काढलाच आहे तर थर्मोस्टॅट नवीन, हेडला लागून जो प्लास्टिकचा कुलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) फ्लँज, म्हणजे पाइप जोडायचा तुकडा, आहे तो नवीन त्याच्या ओरिंगसकट, टेंपरेचर सेन्सर नवीन, हे तिन्ही स्वस्तातले पार्ट आहेत आणि तिन्ही वयानं जातात.

कुलंट गुलाबी-लाल रंगाचा जी१२ जातीचाच भरा, डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मा निम्मा. हिरवा त्यात मिसळायचा नाही, दोन्ही एकत्र आले की आत गाळ धरतो आणि हीटरची बारीक जाळी आधी तुंबते. आपल्या बोअरचं पाणी तर अजिबात नको, क्षार किती असतात ते घरातला गिझर उघडून बघितलेल्या माणसाला सांगायला नको. अजून एक, या गाडीचा टेंपरेचरचा काटा नव्वदवर जाऊन थांबतो आणि खरं तापमान थोडं वरखाली झालं तरी तिथंच राहतो, त्यामुळं काटा हलला म्हणजे आधीच उशीर झालाय असं समजा. एखादा साधा स्कॅनर लावून मोबाईलवर खरा आकडा बघायची सवय ठेवली तर वंटमुरीच्या चढावर किंवा चोर्ल्याच्या घाटात गाडी काय म्हणते ते आधीच कळतं.

दुसरं, ऑइल. टर्बोचा दांडा ऑइलवरच तरंगतो, ऑइल घट्ट आणि काळं झालं की पहिला बळी त्याचाच. या इंजिनात ऑइल वेळेवर नाही बदललं की तळात काळा लगदा बसतो आणि ऑइल पंपाच्या तोंडाची जाळी तुंबते, मग ऑइल भरपूर असून वर पोचत नाही. नवीन घेतलेली गाडी असेल तर ऑइल भरायचं झाकण उघडा, खालच्या बाजूला काळा डांबरासारखा थर दिसला तर सरळ सम्प, म्हणजे तळातलं ऑइलचं भांडं, उतरवून जाळी साफ करून घ्या. फ्लश टाकून तो लगदा सोडवायच्या नादाला लागू नका, सुटलेला लगदा जाऊन त्याच जाळीत बसतो. फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, डब्यावर फोक्सवॅगनचा व्हीडब्ल्यू ५०२.०० हा नंबर छापलेला, आणि सात-आठ हजार किलोमीटरला बदल, मॅन्युअलमध्ये जास्त लिहिलं असलं तरी. मेकॅनिकल गेज लावून ऑइलचं प्रेशर एकदा तपासून घ्या. आणि घरात जो कोण गाडी चालवणार त्या प्रत्येकाला सांगून ठेवा, लाल ऑइलचा दिवा लागला की पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नाही, तिथंच, त्याच क्षणी इंजिन बंद. घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवून मग चावी काढा, टर्बोतलं ऑइल जळत नाही.

टर्बो हा इंजिनाच्या मागं, केबिनच्या भिंतीकडं आहे, तिथली उष्णता बाहेर जायला जागा नाही. त्या बाजूचे सगळे व्हॅक्यूमचे बारीक पाइप, श्वासाचे जाड पाइप, वन-वे व्हॉल्व्ह हाताने दाबून बघा. काही कडक होऊन कुडकुडीत तुटतात, काही ऑइल पिऊन पिठासारखे मऊ होतात, दोन्ही जातीचे फेका. साध्या पेट्रोलच्या पाइपाचे तुकडे जोडून देतात काही मेस्त्री, चालतं म्हणतात, टर्बोचं प्रेशर आणि व्हॅक्यूम दोन्ही सहन करणारे सिलिकॉनचे पाइप घ्या, एकदाच होऊन जाऊ दे. टर्बोचं जादा प्रेशर सोडणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा आतला रबरी पडदा फाटला असेल तर गाडी ओढत नाही आणि लोक टर्बोच गेला म्हणून घाबरून मोठ्या खर्चात पडतात, आधी हा छोटा पार्ट बघा. इंजिनाच्या वरच्या टॅपेट कव्हरमधून गळलेलं ऑइल मागच्या बाजूला तापलेल्या लोखंडावर पडून जळका वास येत असेल तर गॅस्केट लगेच, हे आगीचं कारण होऊ शकतं.

ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइल चार आहेत, प्रत्येक सिलिंडरला एक. एक गेली तर उरलेल्या तीन त्याच वयाच्या, चारही बदला नाहीतर निदान एक जादा डिकीत ठेवा, बदलायला फार वेळ लागत नाही. इंजिनचा दिवा नुसता लागला तर घरापर्यंत या, पण तो लुकलुक करायला लागला तर थांबायचं, कारण न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो वितळवतो.

आता पाणी, आणि इथं बेळगावकरानं कोल्हापूर-सांगलीवाल्यापेक्षा जास्त वेळ द्यायला पाहिजे. जांबोटी, कणकुंबी, खानापूर या पट्ट्यात पाऊस लागला की दिवसेंदिवस थांबत नाही आणि गाडी आतून वाळायला संधीच मिळत नाही. वायपरच्या खाली जी काळी प्लास्टिकची जाळी आहे ती उचला, कॅम्पातल्या झाडांखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तिथं पानांचं अर्धं खत झालेलं असतं, ते सगळं हातानं काढून दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून पाणी धो धो खाली जातंय का ते तांब्या ओतून बघा. केबिनचा फिल्टर तिथंच जवळ आहे, त्याचं झाकण नीट बसलं नाही तर पाणी थेट डाव्या बाजूच्या पायाशी येतं. सनरूफ असेल तर चारी कोपऱ्यांच्या नळ्या, त्यात कॉम्प्रेसरची जोरात हवा मारू नका, आत जोड निसटतो, नायलॉनची जाड तार हळू फिरवा. दारांच्या आत जी पत्र्याची पाटी आहे तिचं सील वाळलं की पाणी दारातून गालिच्याखाली उतरतं आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून गाडी धुतल्यावर चारी बाजूंचा गालिचा खालून हात घालून दाबून बघा, ओला लागला तर सीट काढून फोमसकट उन्हात टाका. मेमध्ये ऊन आहे, जुलैत कुठलं आणणार. ओला गालिचा हा नुसता वासाचा प्रश्न नाही, वायरिंगचे जोड तिथून हिरवे पडायला लागतात आणि मग काचा आपोआप खाली जाणं, दारं लॉक न होणं असले रोग सुरू होतात जे शोधायला आठवडे जातात.

बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर नवीन. अर्थिंगची वायर इंजिनाकडं आणि बॉडीकडं दोन्ही टोकांना घासून घट्ट करा. पावसात उंदीर उबेला बॉनेटमध्ये येतात, विशेषतः शेताजवळच्या घरांत, आमच्याकडं निपाणीच्या तंबाखूची पानं पुरचुंडी करून बांधायची जुनी पद्धत आहे, करून बघायला काय जात नाही, पण ती टर्बोपासून लांब बांधा आणि दर दोन दिवसांनी बॉनेट उघडून बघा.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असू दे, सहा वर्षांचा टायर ओल्या रस्त्यावर या गाडीला नको. कायद्यानं नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते पण पावसासाठी तीनच्या खाली गेली की बदला. ब्रेक ऑइल डॉट ४, दोन वर्षांनी, ते हवेतलं पाणी ओढतं आणि घाट उतरताना पेडल मऊ लागतं ते त्यामुळंच. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकॉपच्या वरचे माउंट हे आपल्या रस्त्यांवर जातातच, बुश प्रेसनं दाबून बसवायचं काम बेळगावच्या उद्यमबागेत उत्तम होतं, तिथल्या टर्नर लोकांच्या हाताला तोड नाही. अलाइनमेंट हे सगळं झाल्यावर, आधी नाही.

पेट्रोलबद्दल थोडं. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल असतं आणि ही गाडी त्या काळात त्यासाठी बनलेली नाही. बॉनेटमधले पेट्रोलचे रबरी पाइप आणि क्लिपा बदलून घ्या, आणि महिनोन्महिने तेच पेट्रोल टाकीत ठेवू नका.

रंग, पॉलिश, नवीन एक्झॉस्ट, रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून पॉवर वाढवणं), हे सगळं पुढच्या वर्षी. कुलिंग, ऑइल आणि ब्रेक झाल्याशिवाय पॉवर वाढवायला पैसे घालणं मला पटत नाही, भले दुकानदार कितीही चांगला असू दे.

कागद पण याच महिन्यात. १५ वर्षं झाली की आरसी संपते, फॉर्म २५ भरून गाडी आरटीओत दाखवायला लागते, मग पाच वर्षांचं नूतनीकरण. कारसाठी ही फी २०२२ पासून ५,००० झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० केली. पुण्याहून एमएच पासिंगची गाडी आणली असेल तर १२ महिन्यांच्या वर इथं तशीच फिरवता येत नाही, तिकडची एनओसी फॉर्म २८ वर, इकडं टॅक्स, मग केए २२ नाहीतर २३ नंबर. निपाणी-कागल रोज ये-जा करणारे याकडं दुर्लक्ष करतात, करू नका, अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिला कागदच बघतो.

डिकीत ठेवायचं सामान थोडकंच : जादा कॉइल, एक लिटर तेच ऑइल, मिसळून ठेवलेला कुलंट, फ्यूज, क्लिपा, चांगली टॉर्च, हवा भरायचा पंप, टो करायचा हूक जागेवर आहे का ते. आणि एक ठरवून ठेवायचं की पाण्यात शिरायचं नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हायवेसुद्धा बंद पडला होता, वेदगंगा-दूधगंगेच्या काठचे लहान पूल तर दरवर्षीच. चाकाच्या निम्म्यावर पाणी असेल तर गाडी वळवा, आणि पाण्यात इंजिन बंद पडलंच तर परत स्टार्टर मारायचा नाही, ढकलून बाहेर काढा, आत पाणी गेलेलं असेल तर त्या एका स्टार्टरनं पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो.

सगळं झालं की लांब जायच्या आधी बेळगाव ते संकेश्वर आणि परत अशी एक फेरी मारा, वंटमुरीचा चढ-उतार त्यात येतो. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, सकाळी थंड असताना कुलंटच्या बाटलीची खूण बघा, पाइपाच्या सगळ्या क्लिपा एकदा परत आवळा आणि ऑइलची काडी पुसून तपासा, बाटलीत खुणेच्या खाली गेलं असेल तर भरून गप्प बसू नका, कुठून गेलं ते सापडेपर्यंत गोव्याचा बेत पुढं ढकला.