मादागास्करला येताय? आधी स्वेटर भरा

बेट म्हटलं की नारळ, बीच आणि घाम एवढंच डोक्यात असतं, म्हणून नवीन मंडळी नुसते टी-शर्ट भरून येतात आणि जुलैत तानामध्ये कुडकुडत बसतात. ताना म्हणजे राजधानी अंतानानारिव्हो, पूर्ण नाव इथे रोजच्या बोलण्यात फारसं कोणी घेत नाही. शहर साधारण १,२८० मीटर उंचीवर आहे, थंडीत रात्री पारा दहाच्या आसपास येतो, आणि घरात हीटर असेलच असं नाही.

दुसरं म्हणजे हे बेट मोठंय हो, ५ लाख ८७ हजार चौरस किमी, आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. पाऊस समजायचा तर सह्याद्री आठवा, फक्त दिशा उलटी करा. इथे वारे पूर्वेकडून येतात, सगळं पाणी पूर्वेच्या चढावर ओततात, म्हणून तिकडे दाट ओलं जंगल, पश्चिमेला मोरोन्दावाकडे कोरडं रान आणि जाड खोडाची बाओबाब झाडं, आणि पार दक्षिणेला तर काटेरी झुडपांचं जंगल. प्राणीपण त्याप्रमाणे बदलतात. लेमूर म्हणजे इथले माकडासारखे प्राणी, त्यातला शेपटीवर पट्टे असलेला दक्षिणेला, इंद्री नावाचा पूर्वेला. एकाच वीकेंडला सगळं दाखव म्हणणारे पाहुणे आले की मी सरळ नकाशा पुढे करतो.

पहिली ट्रिप पूर्वेकडच्या आंदासिबेच्या जंगलाची करा. तानाहून दीडशे किमीच आहे, पण रस्ता तामाताव बंदराकडे जाणारा, कंटेनरच कंटेनर, त्यामुळे अर्धा दिवस धराच. मुक्काम तिथेच करा, कारण इंद्री सकाळी ओरडतात. आधी एक लांब, वर चढत जाणारा सूर, मग दुसऱ्या टेकडीवरून दुसरं कुटुंब उत्तर देतं, आणि वर बघितलं तर काळं-पांढरं, जवळजवळ बिनशेपटीचं जनावर फांदीला धरून निवांत पानं खातंय. हा प्राणी पिंजऱ्यात जगत नाही, त्यामुळे झूमध्ये बघू म्हणून चालणार नाही.

वाघ-बिबट्या इथे नाहीत, सगळ्यात मोठा शिकारी म्हणजे फोसा, तो मुंगसाच्या नात्यातला. सापांचंही फार टेन्शन नको. डासांचं मात्र घ्या, किनाऱ्याकडे जाताना मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारा. जानेवारी ते मार्च चक्रीवादळं असतात, तेव्हा लांबचे प्लॅन नकोत, आणि रात्री गावाबाहेर गाडी कधीच नको.

गावागावात 'फादी' असतात, म्हणजे तिथले निषेध. कुठे डुक्कर चालत नाही, कुठे थडग्याकडे बोट दाखवायचं नाही. गाइड लोकलच घ्या, तो सांगतो. आणि कोणी लेमूरचं पिल्लू किंवा नक्षीदार कासव विकायला आणलं तर कितीही गोड वाटलं तरी घेऊ नका, बेकायदा आहे.