नोकरी सोडताना मागून येणाऱ्यासाठी डॉक्युमेंट कसं तयार करावं

राजीनामा दिला की मॅनेजर म्हणतो, "केटी देऊन जा," म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, कामाची माहिती पुढच्याच्या हाती देणं. मग जो तो सांगतो, माहीत आहे ते सगळं लिहून काढा, केटीच्या मीटिंग रेकॉर्ड करून ठेवा. दोन्ही करू नका. रात्री अडीचला सर्व्हर बंद पडला की दोन तासांचं रेकॉर्डिंग कुणी उघडत नाही आणि ऐंशी पानांत हवी ती ओळ सापडत नाही. मी सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळतो. आजवर चार नोकऱ्या सोडल्या, आणि दर वेळी आधीच्या माणसाचं डॉक्युमेंट घेऊनच पुढची सुरू केली. त्यातून माझी ही पद्धत ठरली.

पहिल्यांदा यादी करा: सर्व्हर, डेटाबेस, डोमेन, प्रत्येकाचं बिल कुठून भरलं जातं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पासवर्ड मात्र पासवर्ड मॅनेजरमध्येच ठेवा, डॉक्युमेंटमध्ये फक्त त्या नोंदीचं नाव.

प्रत्येक खात्यापुढे ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो ते लिहा. तुमच्या नंबरवर येत असेल तर नोटीस पिरियडच्या पहिल्याच आठवड्यात बदलायला घ्या. कंपनीच्या नावाचं सिमकार्ड मिळवण्यापासून सुरुवात करावी लागते आणि त्यात दिवस जातात.

मग मुदतीच्या तारखा. वेबसाइटच्या सुरक्षित जोडणीसाठी लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते; तिचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. ते आपोआप नवं होतं म्हणून कुणी लक्ष देत नाही, आणि मुदत संपत आल्याची ईमेल तर त्यांनी जून २०२५ पासून बंदच केली. मुदत तपासणारी व्यवस्था लावा आणि तिची सूचना नव्या माणसाला जाते ना, ते बघा.

क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या, प्रत्येक कामापुढे ते कशासाठी आहे आणि थांबलं तर पहिला फोन कुणाचा येईल, हे लिहा. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर दोन्ही वेळा द्या: तिथले २०:३० म्हणजे आपल्याकडे पहाटेचे २.

आता खरं अवघड काम: बॅकअपमधून डेटाबेस परत उभा करणं. पहिली नोकरी सोडताना मी लिहिलं होतं, "बॅकअप रोज रात्री पीजी-डंपने होतो, रिस्टोअरसाठी ही कमांड." पीजी-डंप म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसची प्रत (डंप) काढणारं साधन. ती कमांड मी कितीदा तरी चालवली होती, पण नेहमी त्याच सर्व्हरवर. मी गेल्यावर डिस्क गेली. माझ्या जागी आलेल्या मुलीने नव्या मशीनवर तीच कमांड जशीच्या तशी चालवली आणि स्क्रीनभर एकच एरर आली: हा रोल (डेटाबेस वापरणारं खातं) अस्तित्वातच नाही. पीजी-डंप एकाच डेटाबेसचा डंप घेतो. पोस्टग्रेसचे रोल पूर्ण क्लस्टरचे, म्हणजे तिथल्या सगळ्या डेटाबेसांचे मिळून, असतात, ते त्यात येत नाहीत. त्यासाठी पीजी-डंपऑल 'ग्लोबल्स-ओन्ली' पर्यायासह वेगळं चालवावं लागतं. मी ते रोल सुरुवातीला हाताने केले होते आणि विसरून गेलो होतो. ती रात्रभर एकटी झगडत बसली. चूक माझी होती, आणि ते मला अजून लागतं.

तेव्हापासून हे मी टाळत नाही. एक कोरं मशीन घ्या. कीबोर्डवर नवा माणूस, समोर फक्त तुमचं डॉक्युमेंट, आणि तुम्ही मागे वही घेऊन तोंड बंद करून बसा. तो जिथे थांबेल, तुमच्याकडे वळून बघेल, तिथे तुमच्या लिखाणात भोक आहे. लगेच उत्तर देऊ नका, आधी वहीत टिपा. हे फार जड जातं, कारण एक शब्द बोललात की तो पुढे जातो आणि भोक तसंच राहतं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा चाळीस मिनिटांच्या कामाला पाच तास लागले आणि अकरा जागा सापडल्या. नंतर दुरुस्ती त्यालाच लिहू द्या, त्याच्या शब्दांत. मग पुन्हा कोऱ्या मशीनवर पहिल्यापासून.

प्रत्येक कमांडला किती वेळ लागतो तेही लिहा. "ही पंचवीस मिनिटं काहीच दाखवत नाही, थांबवू नका," एवढ्या एका वाक्याने घाबरून कंट्रोल-सी दाबणारा हात आवरतो. आणि रिस्टोअर बरोबर झालं हे कशावरून ओळखायचं? मी कालच्या शेवटच्या बिलाचा नंबर जुळवायला सांगतो. वेळ नाही म्हणून मॅनेजर कुरकुरला तर आर्किटेक्चरच्या आकृत्या सोडा, ही तालीम सोडू नका.

चमत्कारिक वाटणाऱ्या प्रत्येक सेटिंगमागचं कारण एका ओळीत लिहा, म्हणजे कुणी ते 'नीट' करायला जाणार नाही.

शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी तुमचं खातं आणि एसएसएच की (सर्व्हरवर शिरायची डिजिटल किल्ली) नव्या माणसाकडून बंद करून घ्या. तुमच्या नावावर चालणारे क्रॉन, तुमच्या टोकनवर (तुमच्या नावाच्या परवान्यावर) होणारं डिप्लॉयमेंट, म्हणजे सर्व्हरवर नवा कोड चढवणं, जे काही थांबायचं ते त्या आठवड्यात थांबेल, आणि तेव्हा तुम्ही अजून शेजारच्याच टेबलावर असाल.