घरच्या छोट्या गॅरेजसाठी कार लिफ्ट घेताय? या चुका टाळा

बंगल्याच्या किंवा रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये लिफ्ट बसवायची ठरली, की पहिला प्रश्न असतो, 'किती टनांची घ्यायची?' खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. स्विफ्टसारखी गाडी एक टनाच्या आत-बाहेर असते आणि बाजारातल्या बहुतेक टू-पोस्ट (दोन खांबांच्या) लिफ्ट चार टनांच्या आसपासच्या. त्यामुळे टनांवरून सहसा काही अडत नाही. अडतं ते जमिनीवरून, बीमवरून आणि रुंदीवरून. एकदा अँकर (खांब जमिनीला धरून ठेवणारे बोल्ट) ठोकले की यातलं काहीच बदलता येत नाही.

जमीन न तपासता ऑर्डर देणं

टू-पोस्ट लिफ्टमध्ये गाडीचं सगळं वजन दोन खांबांच्या तळपट्ट्यांवर येतं, आणि गाडी खांबांना आतल्या बाजूला ओढत असते. म्हणजे अँकर बोल्टवर नुसता दाब येत नाही, ते उपटले जाण्याचा ताणही येतो. आपल्याकडच्या पार्किंगमध्ये सहसा मुरूम, त्यावर दगडी सोलिंग, त्यावर तीन-चार इंचांचा पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट) आणि वर कोबा, टाइल किंवा पेव्हर ब्लॉक असतो. गाडी उभी करायला एवढं पुरतं. लिफ्टला नाही. बहुतेक कंपन्या किमान 100 ते 150 मिमी जाडीचं, एम20 ते एम25 ग्रेडचं (हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) सलग काँक्रीट मागतात.

तपासणं सोपं आहे. खांब जिथे येणार तिथे हॅमर ड्रिलने 10 मिमीचं एक भोक पाडा. करडी, बारीक भुकटी येत असेल तोवर काँक्रीट. बिट अचानक आत सटकलं किंवा तांबूस माती यायला लागली, की काँक्रीट संपलं. बिटवर टेप लावून खोली मोजा. चार इंचांच्या आत संपलं तर त्या जमिनीवर टू-पोस्ट विसरा, नाहीतर नवी पट्टी ओता: दोन्ही खांब एका पट्टीवर येतील अशी साधारण 4 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद, 200 मिमी खोल. सुमारे एक घनमीटर काँक्रीट लागतं. सळईचं माप कंपनीच्या ड्रॉइंगवरून घ्या. 28 दिवस पाणी आणि वेळ दिल्याशिवाय अँकर ठोकू नका. मिस्त्री 'आठ दिवसांत पक्कं होतं' म्हणेल. चालण्यापुरतं होतं, लिफ्टपुरतं नाही.

टाइल असेल तर तळपट्टीखालची टाइल काढाच. तशीच भोकं पाडली तर टाइल आणि तिच्याखालचा मसाला मिळून बोल्टची दीड-दोन इंच खोली खातात, आणि पहिल्या वजनाला टाइल फुटून बोल्ट सैल पडतो.

आणि भोक पाडण्याआधी एक गोष्ट. आपल्याकडे पाण्याची जमिनीखालची टाकी हमखास पार्किंगखालीच असते, कधी सेप्टिक टँकही. झाकण कुठे आहे ते दिसतं, टाकी कुठवर पसरली आहे ते दिसत नाही. जुना नकाशा काढा. टाकीच्या किंवा तळघराच्या स्लॅबवर लिफ्ट बसवायची असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय नाही.

उंची स्लॅबपर्यंत मोजणं

स्लॅब दहा फुटांवर असला तरी बीम एक फूट खाली लोंबतो. रोलिंग शटरचा ड्रम आणि पंखा वेगळेच. मोजायचं ते सगळ्यात खालच्या अडथळ्यापर्यंत. समजा बीमखाली 2.75 मीटर मिळाले. वर 10 सेंमी मोकळे सोडले की उरले 2.65. स्विफ्टची उंची सुमारे 1.52 मीटर, म्हणजे गाडी 1.13 मीटर वर जाईल. जमिनीवर असताना दाराखालची कड साधारण 18 सेंमीवर असते, ती 1.31 मीटरवर पोचेल. खाली उभं राहता येणार नाही, चाकाच्या स्टुलावर बसून काम होईल. थारची उंची 1.84 मीटरच्या पुढे. ती याच जागेत जेमतेम 80 सेंमी उचलली जाईल. डिकी उघडी ठेवून गाडी वर नेणाऱ्यांनी दाराची उंचीही यात धरावी.

खांबही विसरू नका. खालून केबल नेणाऱ्या, कमी उंचीच्या टू-पोस्टचे खांबसुद्धा 2.8 मीटरच्या आसपास असतात. म्हणजे वरच्या उदाहरणात ते बीमखाली उभेच राहणार नाहीत, दोन बीमच्या मधे जागा शोधावी लागेल. त्यात एकूण रुंदी 3.4 मीटर, म्हणजे अकरा फुटांहून जास्त. दहा फुटी पार्किंगमध्ये हा विषय इथेच संपतो.

मग सिझर लिफ्ट, पण कशासाठी?

अरुंद, ठेंगण्या जागेत मिड-राइज (मध्यम उंचीची) सिझर, म्हणजे कात्रीसारखी उघडत वर जाणारी लिफ्ट, बरी पडते: एक-सव्वा मीटर उचलते आणि खाली बसली की गाडी वर उभी राहू शकते. ब्रेक, टायर, सस्पेन्शनसाठी उत्तम. पण तिची कात्री गाडीच्या पोटाखालीच असते. क्लच प्लेट बदलायची, गिअरबॉक्स उतरवायचा, पूर्ण सायलेन्सर काढायचा, तर ती आडवी येते. फक्त ऑइल आणि ब्रेकपॅडच बदलणार असाल तर सुमारे अर्धा मीटर उचलणारी, दोन सुट्या भागांची पोर्टेबल लिफ्ट पुरते, आणि ती भिंतीला टेकवून ठेवता येते. फोर-पोस्ट (चार खांबांची लिफ्ट) घरगुती कामाला फारशी कामाची नाही. तिच्यावर गाडी चाकांवर उभी असते, चाक काढायचं तर मधला जॅक वेगळा घ्यावा लागतो. दोन गाड्या एकावर एक लावायच्या असतील तरच तिचा विचार करा.

सिझरलाही सपाट जमीन लागते. पार्किंगला पाणी वाहून जायला गेटकडे उतार दिलेला असतो. लेव्हल ट्यूब लावून तो आधी मोजा.

वीज

2.2 किलोवॅटची सिंगल फेज मोटर चालताना 15-16 अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. गीझरच्या सॉकेटवर ती चालवू नका. स्वतंत्र 4 चौ. मिमी तांब्याची वायर, 25 अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा), आरसीसीबी (करंट गळला तर वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवं. बिलावरचा मंजूर भार बघून घ्या. मोटरच्या पट्टीवर 60 हर्ट्झ लिहिलं असेल तर ती आपल्या 50 हर्ट्झवर हळू फिरते आणि जास्त तापते. अशी लिफ्ट स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

बसवल्यावर अडलं तर

मोटर गुणगुणते पण फिरत नाही: आधी व्होल्टेज मोजा, तेही मोटर चालू करत असताना. 190 व्होल्टच्या खाली जात असेल तर दोष वायरिंगचा किंवा लाइनचा. व्होल्टेज ठीक असेल तर कपॅसिटर बदला. थ्री फेज मोटर फिरते पण उचलत नाही, तर ती उलटी फिरते आहे. इलेक्ट्रिशियनकडून दोन फेज अदलाबदल करून घ्या.

गचके देत चढते: ऑइल कमी आहे किंवा हवा अडकली आहे. लिफ्ट पूर्ण खाली घेऊन टाकी भरा, गाडीविना चार-पाच वेळा वर-खाली करा. आपल्या उन्हाळ्यात आयएसओ 46 (हा ऑइलच्या घट्टपणाचा आकडा) हायड्रॉलिक ऑइल बरं. ब्रेक ऑइल टाकलं तर सील फुगून जातात.

खाली येत नाही: जोर लावू नका, बहुतेक वेळा लॉक (लिफ्टला वरच्या वर अडवून धरणारी खीळ) वजनाखाली दाबलं गेलेलं असतं. आधी दोन इंच वर घ्या, लॉक सोडा, मग उतरवा.

एक बाजू खाली राहते: दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या केबलचा ताण सारखा नाही. मॅन्युअलप्रमाणे नट फिरवून दोन्ही बाजू एकाच लॉकच्या खाचेवर आणा. केबलची एखादी तार तुटून बाहेर आली असेल तर ताण बसवत बसू नका, केबलच बदला.

रात्रभरात गाडी दोन-तीन इंच खाली आली: उतरवायच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे किंवा सिलिंडरचं सील गेलं आहे. आणि याचा दुसरा अर्थ असा, की गाडी लॉकवर न बसवता नुसत्या ऑइलच्या दाबावर सोडली होती. वर नेल्यावर दोन्ही लॉकचा 'खट्' ऐकू आला तरी तिथे थांबू नका. उतरवायचा लिव्हर दाबून वजन लॉकवर टेकवा आणि मगच गाडीखाली जा.