लेकराचा शाळेत खाडा पडतो तेव्हा: पालकांनी काय करावे

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी बरीच वर्षे हजेरी घेतली. दसरा उलटला की हजेरीपटावरच्या काही नावांपुढे रोज खाडा पडायला लागतो. नाव पुकारलं की मागच्या बाकावरून कुणीतरी सांगतं, "कारखान्याला गेलं, सर." म्हणजे आई-बापासोबत ऊसतोडीला साखर कारखान्याकडे गेलं. त्यातली काही लेकरं उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. काही गावात येतात, पण शाळेत येत नाहीत.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. लेकरू एका दिवसात शाळा सोडत नाही. आधी दोन दिवसांचा खाडा होतो, मग आठवडा जातो. वर्गात गणित पुढे सरकलेलं असतं, वही अर्धी राहिलेली असते, सर काय म्हणतील याची धास्ती असते. मग लेकरू पोट दुखतं म्हणून घरी थांबतं. शाळा सुटते ती या धास्तीपायी. म्हणून घरच्यांनी दोन गोष्टी कराव्यात: खाडा पडायच्या आधी शाळेला सांगावं, आणि परत कधी यायचं ती तारीख ठरवूनच लेकराला घरी ठेवावं. पुढचं सगळं याच दोन गोष्टींसाठी आहे.

आधी नियम समजून घ्या

६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक लेकराला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ चा आहे. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. लेकराला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य असल्याचं या कायद्यात लिहिलं आहे, पण त्यासाठी पालकाला दंड सांगितलेला नाही. "पोलीस येतील का?" असं विचारणारे पालक मला भेटले आहेत. त्या भीतीनेच ते शाळेकडे फिरकत नाहीत. बिनधास्त या.

दुसरं, आठवी पूर्ण होईपर्यंत शाळा लेकराला काढून टाकू शकत नाही. फार खाडे झाले म्हणून "दाखला घेऊन जा" असं कुणी म्हणालं, तर ते कायद्याला धरून नाही. खाड्यासाठी मारणं किंवा वर्गासमोर अपमान करणं यालाही याच कायद्याने बंदी आहे.

तिसरं, वर्षाला पहिली ते पाचवीसाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस शाळा भरावी लागते. आता हिशेब करा. सहावीतलं लेकरू फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी घरी राहिलं, तर महिन्याला चार खाडे, दहा महिन्यांत चाळीस. २२० पैकी ४० दिवस म्हणजे जवळपास दोन महिन्यांची शाळा बुडाली, आणि घरात कुणाला पत्ताही लागला नाही. "एकच तर दिवस आहे" असं आपण दर आठवड्याला म्हणतो.

पाचवी आणि आठवीला आपल्या राज्यात आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, आणि त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात बसावं लागतं. त्यामुळे "आठवीपर्यंत कुणी नापास करत नाही" ही जुनी समजूत सोडून द्या.

दहावी-बारावीला राज्य मंडळाच्या परीक्षेसाठी ७५ टक्के हजेरी लागते. नवोदय आणि केंद्रीय विद्यालयं सीबीएसईची असल्याने तिथेही ७५ टक्केच. खऱ्या आजारपणात सीबीएसई सवलतीचा विचार करते, पण त्यासाठी कागद लागतात, आणि ते त्या त्या वेळीच जमवावे लागतात. फेब्रुवारीत जुन्या आजाराचं प्रमाणपत्र शोधत फिरणाऱ्या बापाची अवस्था फार वाईट होते.

एक-दोन दिवसांचा खाडा असेल तर

सकाळी शाळा भरायच्या आधी वर्गशिक्षकांना फोन करा किंवा वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर दोन ओळी टाका. नेटवर्क नसेल तर शेजारच्या लेकराजवळ चिठ्ठी द्या. तीन दिवसांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर अर्ज लिहा. अर्ज कुणाच्याही अक्षरात चालतो, खाली पालकाची सही किंवा अंगठा हवा. मजकूर एवढाच:

"मा. वर्गशिक्षक, इयत्ता सहावी. माझ्या मुलीला ताप असल्यामुळे ती दि. … पासून दि. … पर्यंत शाळेत येऊ शकणार नाही. दि. … रोजी ती हजर राहील. बुडालेला अभ्यास कोणता ते कळवावे, घरी करून घेऊ. आपला, (सही व मोबाईल नंबर)."

यात "हजर राहील" या ओळीला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. तारीख कागदावर आली की शिक्षक त्या दिवशी वाट बघतात, आणि लेकरालाही आपण कधी जाणार ते ठाऊक असतं. अर्जाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आजारपण

ताप अंगात असताना शाळेत पाठवू नका. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी ठेवा. गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस. डोळे आले असतील तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत. सर्दी-खोकल्यात मात्र लेकरू खेळतंय, जेवतंय, तर शाळेत जाऊ द्या.

प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवलं तर तिथला केसपेपर फेकू नका, दप्तराच्या कप्प्यात ठेवा. नववीपासून पुढच्या लेकरांसाठी डॉक्टरांचं शिक्क्याचं प्रमाणपत्र घ्या आणि त्याची झेरॉक्स शाळेत जमा करा.

जत्रा, सण आणि सुगी

येळवस (वेळ अमावस्या) आपल्या लातूर-धाराशिवकडची, ती चुकवा असं मी कधीच म्हणणार नाही. कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, सगळं शिवार माणसांनी भरलेलं. लेकराने हे बघायलाच हवं. त्या दिवशी या भागात बहुधा स्थानिक सुट्टी असते. खाडा पडतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पाहुण्यांकडे मुक्काम लांबल्यामुळे. माळेगावची जत्रा असो की पैठणची नाथषष्ठी, जाताना परतीचा दिवस ठरवा आणि शाळेत सांगून जा. १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन हा घरी बसायचा दिवस नाही, झेंडावंदनाला लेकरू शाळेत असावं.

सुगीचं दुखणं मोठं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला येतं, त्यामागे कापूस वेचणी. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, वरून पावसाची धास्ती. ही ओढाताण मी शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे जाणतो. तरी कायदा असा आहे की १४ वर्षांखालच्या लेकराने घरच्या शेतात मदत करायची ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच. रविवार आणि दिवाळीची सुट्टी आहे. जेव्हा खरोखर इलाज नसेल, तेव्हा सलग आठ दिवस घरी ठेवू नका. मोठ्या खंडानंतर शाळेत परतणं लेकराला फार जड जातं.

कारखान्याला जाताना

ऊसतोडीच्या हंगामात बीडपासून धाराशिवपर्यंत हजारो घरांना कुलूप लागतं. मुकादमाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली असते, जाणं टळत नाही. पण लेकराला सोबत न्यायचं की गावात ठेवायचं, हे गाडी दारात आल्यावर ठरवू नका. पोळा झाला की मुख्याध्यापकांना जाऊन भेटा.

पहिला मार्ग हंगामी वसतिगृहाचा. स्थलांतर करणाऱ्या पालकांची लेकरं गावातच राहून शिकावीत म्हणून शाळेच्या पातळीवर ही सोय केली जाते. लेकरू आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे राहतं, आणि दुपारच्या पोषण आहाराशिवाय सकाळ-संध्याकाळचं जेवणही मिळतं. यात शाळा व्यवस्थापन समितीचं काम मोठं असतं. या समितीत पाऊण भाग पालकच असतात. लेकरांची यादी आधी तयार होते, म्हणून "आमचे दोघे राहणार आहेत" हे वेळेवर सांगा. दिवाळीनंतर सांगितलं तर शाळेचे हात बांधलेले असतात. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहंही सुरू झाली आहेत. आपल्या तालुक्यातल्या वसतिगृहाची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

आता गावात कोण आहे ते प्रामाणिकपणे बघा. आजीला दिसत नाही, मुलगी बारा वर्षांची आणि घरात दुसरं कुणी नाही, अशा वेळी लेकराला मागे ठेवणं मला पटत नाही. मग दुसरा मार्ग घ्या.

तो शिक्षण हमी पत्रकाचा. निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून हे पत्रक मागून घ्या. लेकराचं नाव, इयत्ता आणि शाळा त्यावर असते. कारखान्याच्या तळावर पोहोचलात की पहिल्या आठवड्यातच जवळच्या शाळेत जाऊन ते दाखवा. लेकराला त्याच्या इयत्तेत बसवून घेतलं पाहिजे. दाखला आणला नाही, वर्षाच्या मधे आलात, जन्माचा पुरावा नाही, यातल्या कोणत्याही कारणाने शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. तिथल्या गुरुजींना आपल्या गावच्या गुरुजींचा फोन नंबर द्या. दोन शिक्षक एकदा एकमेकांशी बोलले की निम्मं काम होतं. परत येताना तिथल्या हजेरीची नोंद घेऊन या.

हे दोन्ही केलं नाही, तर महिन्याभरात काय होतं ते ध्यानात घ्या. सतत एक महिन्यापेक्षा जास्त काळ गैरहजर राहणारं ६ ते १४ वयाचं लेकरू आपल्या राज्यात शाळाबाह्य धरलं जातं. त्याचा हक्क जात नाही. त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवून खास शिकवणं हे शाळेचं काम आहे, आणि काही गावांत बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक अशा लेकरांच्या घरी जातात. पण मधल्या काळात जे बुडतं ते भरून काढायला लेकरालाच दुप्पट कष्ट पडतात.

मुलींचे खाडे वेगळे बघा

सातवी-आठवीपासून मुलींचे खाडे वाढतात. धाकट्या भावंडाला सांभाळायचं, पाण्याला जायचं, पाळीचे दिवस, शाळेत संडास बंद. मुलगी दर महिन्याला ठरावीक दिवशी घरी राहत असेल तर आईने बाईंशी बोलावं. पॅड, पाणी आणि कडी असलेलं दार एवढी सोय झाली तरी बराच फरक पडतो, आणि ती मागणी शाळा व्यवस्थापन समितीत मांडायचा तुम्हाला हक्क आहे. या समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. पुढची शाळा दुसऱ्या गावी असेल तर अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, तो जूनमध्येच काढून घ्या.

आणि एक गोष्ट जड मनाने लिहितो. मुलगी अचानक शाळेत यायची थांबते आणि घरचे उडवाउडवीची उत्तरं देतात, तेव्हा पुष्कळदा लग्न ठरलेलं असतं. १८ वर्षांच्या आत मुलीचं लग्न करणं गुन्हा आहे. तुमच्या भावकीत असं होताना दिसलं तर १०९८ या मोफत नंबरवर फोन करा. माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी अशी गेली आणि मी चार दिवस उशिरा चौकशी केली. ते चार दिवस अजून मनात आहेत.

शाळा ऐकत नसेल तर

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक. तिथे काम झालं नाही तर शाळा व्यवस्थापन समिती, त्यानंतर केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. तोंडी भांडू नका. लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. मुलांच्या हजेरीबद्दल आणि प्रगतीबद्दल पालकांना कळवणं हे कायद्यानेच शिक्षकाचं काम ठरवलं आहे, म्हणून "माझ्या लेकराची हजेरी किती भरली?" हे दर महिन्याला विचारायला संकोच करू नका.

परत येण्याचा दिवस

आदल्या संध्याकाळी वर्गातल्या एखाद्या मित्राला घरी बोलवा. वह्या दाखवून घ्या, कुठला धडा चालू आहे ते कळू द्या. सगळं एका रात्रीत लिहायला लावू नका. शिक्षकांना फोन करून "उद्या येतोय, त्याला सगळ्यांसमोर काही बोलू नका" एवढं सांगा. बहुतेक शिक्षक ऐकतात.

सकाळी तुम्ही स्वतः सोबत जा, तुमची त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल. दारात सोडून लगेच निघू नका. लेकरू वर्गात जाऊन आपल्या जागेवर बसलं आणि हजेरीला त्याचं नाव पुकारलेलं तुम्हाला ऐकू आलं, की मग निघा. मधल्या सुट्टीत शक्य असेल तर एकदा डोकावून जा. संध्याकाळी घरी आल्यावर अभ्यासाचं विचारायच्या आधी विचारा, जेवायला कुणाशेजारी बसलास?