शोधनिबंधातल्या आकृत्या: या चुका टाळा

सांगोल्याच्या बागेत डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा फोटो मोबाइलवर काढला, व्हॉट्सॲपवरून सोलापूरच्या लॅबला पाठवला, वर्डमध्ये चिकटवला आणि तिथूनच उचलून जर्नलला दिला. एवढ्या प्रवासात फोटोचं पार पोतेरं होतं. व्हॉट्सॲप पिक्सेल कमी करतं, आणि वर्डही मूळ सेटिंगवर बहुधा २२० पीपीआयपर्यंत (इंचाला २२० पिक्सेल) खाली आणतं.

मग 'रिझोल्यूशन कमी' असा मेल येतो आणि फोटोशॉपमध्ये ७२ च्या जागी ३०० टाकलं जातं. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. नवे पिक्सेल शेजारच्यांवरून अंदाजाने भरले जातात. त्यातून तपशील येत नाही, उलट डागाची कड पुसट होते. मूळ फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा आणि टिफ फाइलमध्ये ठेवा. वर्डच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांत 'चित्रे कॉम्प्रेस करू नका' यावर टिक करा.

आधी छापायची रुंदी ठरवा. एक कॉलम बहुतेक जर्नलांत ८५ ते ९० मिमी असतो. ९० मिमी म्हणजे ३.५४ इंच, ३०० डीपीआयला (छापताना इंचाला ३०० ठिपके) १०६३ पिक्सेल पुरतात, १००० डीपीआयच्या रेषाचित्राला ३५४३ लागतात. आलेखाचा मात्र स्क्रीनशॉट नकोच. पीडीएफ किंवा ईपीएस काढा; त्यात आलेख रेषांच्या रूपात साठतो, म्हणजे पिक्सेलचा हिशेबच उरत नाही.

अक्षरांचं दुखणंही रुंदीतूनच येतं. १८ सेंमी रुंद आलेखातली १० पॉइंटची अक्षरं ९ सेंमीच्या कॉलममध्ये ५ पॉइंटची होतात. ती वाचणं अवघड जातं. मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनमधलं आलेख काढायचं साधन) सुरुवातीलाच फिगसाइझ (३.५, २.६) इंचांत द्या, अक्षरं ७-८ पॉइंट ठेवा.

टॉवेलच्या सुताच्या एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या) फोटोखाली '५००० पट' असं लिहू नका. फोटो लहान-मोठा झाला की तो आकडा खोटा ठरतो. फोटोवरची मापपट्टी मात्र सोबतच लहान-मोठी होते. इमेजजे या चित्र मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सेट स्केल' करताना 'ग्लोबल'वर टिक राहिली, तर तेच माप वेगळ्या विशालनाच्या फोटोंनाही लागतं आणि १० मायक्रॉनची पट्टी गुपचूप चुकते. फोटोची रुंदी २०४८ वरून १०२४ पिक्सेल करून जुनं माप पुन्हा हाताने भरलं, तर पट्टी दुप्पट लांब येते.

उजळपणा वाढवायचा तर संपूर्ण चित्राचा. जेलच्या (डीएनए किंवा प्रथिनं वेगळी करायच्या चाचणीच्या) फोटोत एकाच पट्ट्याला उठाव दिला, तर ती छेडछाड ठरते. जेलमधल्या दूरच्या लेन (नमुन्यांच्या उभ्या रांगा) शेजारी आणल्या असतील, तर मध्ये रेघ ओढा आणि तळटीपेत तसं सांगा. मूळ फाइल जपून ठेवा. संपादक ती मागतात.

करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतचा पावसाचा नकाशा 'जेट' या इंद्रधनुषी रंगपट्टीत काढला, की पिवळ्या पट्ट्याशी पाऊस एकदम बदलल्यासारखा दिसतो, जरी आकडे हळूहळू चढत असले तरी. त्याऐवजी रंग एकसारखा बदलत जाणारी 'विरिडिस' वापरा. दोन रंगांच्या सूक्ष्मदर्शी फोटोत लाल-हिरव्याऐवजी किरमिजी-हिरवा घ्या, कारण लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसत नाही. नकाशात भारताची सीमा असेल, तर ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरूनच. परदेशी शेपफाइलमध्ये काश्मीरपाशी घोळ असतो.

आणि त्रुटीरेषा एसडीच्या (प्रमाण विचलन) की एसईच्या (प्रमाण त्रुटी), 'एन' (नमुन्यांची संख्या) किती, हे आकृतीखाली लिहा. त्याच माहितीसाठी एसईची रेघ एसडीपेक्षा आखूड दिसते, म्हणून परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात.